ऐनवेळचा विषय

बाळांनो, आजोबांना अकोल्याच्या दवाखान्यातून मी घरी कसं आणलं ती हकिकत तुम्ही तुमच्या बाबाकडून ऐकली असेल. त्यात खोटं काही नसणार. पण त्या खोलीत तो नव्हता, मी होते, म्हणून लिहिते आहे.

आजोबा बहिणीकडे अकोल्याला गेले होते. तिथेच पोट दुखायला लागलं आणि तिथेच त्यांना दाखल करावं लागलं. तपासण्या झाल्या. कॅन्सर यकृतात पसरला होता. अमरावतीच्या घराला कुलूप घालून मी नणंदेकडे राहायला गेले.

तुमच्या बाबाने तिकडे परदेशात बसून पहिल्याच आठवड्यात सगळं शिस्तीत बसवलं. रोज संध्याकाळी व्हिडिओवर मीटिंग. पडद्यावर तो, इकडे पलंगाशेजारी मी आणि नणंद. आज काय झालं, उद्याची प्रायॉरिटी काय, कोणाकडे कोणतं काम. मला ते आवडलं. कॉलेजात उपप्राचार्य असताना मी वर्षानुवर्षं सभाच घेतल्या आहेत. दिवस बांधायचा तर जे हलवता येत नाही ते आधी मांडायचं. आमच्या दिवसात ते म्हणजे मोठ्या डॉक्टरांचा राउंड. त्याआधी विचारायचे प्रश्न तयार, राउंड झाला की औषधं, मग विम्याची कागदपत्रं, आजोबांचा डोळा लागला की बाबाला रिपोर्ट पाठवणं. तातडीचं आधी, बाकीचं नंतर.

बाकीचं म्हणजे एकच होतं. आजोबांना घरी जायचं होतं.

जन्मभर ऑफिसात नेटकं मराठी आणि त्याहून नेटकं इंग्रजी बोललेला माणूस, त्या पलंगावर पडल्यापासून दर्यापूरकडच्या आपल्या आईच्या बोलीत बोलायला लागला होता. सलाईन चालू असताना मीटिंग ऐकायचे आणि शेवटी मान वळवून विचारायचे, "मॅडम, माह्या विषयाचा नंबर कवा लागते?"

आमच्या सभांत छापील विषय संपले की शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असतात. तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात. आजोबांचं घरी जाणं रोज तिथेच पडायचं. तुमच्या बाबाला तेवढ्यात ऑफिसची दुसरी मीटिंग असायची. "ते उद्या घेऊ," तो म्हणायचा, आणि पडदा काळा व्हायचा.

नणंद एकदा भडकलीच. "काहून वैनी, माणूस मरून राहिला अन् तुमी मिटिंगा घेऊन राहिल्या!"

आजोबा डोळे मिटूनच म्हणाले, "तिले बोलू नको. तिच्याच्यानं मी इतके दिस वेळेवर जेवलो." आणि दोघं भाऊबहीण हसले. हसताना त्यांना कळ आली. नर्सला बोलवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, "आता आमच्याकडे फक्त वेदना कमी करण्याची औषधं आहेत. ती घरीही देता येतील. नेणार असाल तर आज न्या. उद्या प्रवास झेपेल असं मी सांगू शकत नाही."

मी संध्याकाळची वाट पाहिली नाही. लगेच फोन लावला. तिकडे अजून अंधार होता.

"आई, तिकीट झालंय," तुमचा बाबा म्हणाला. "मी येईपर्यंत तिथेच ठेव. तिथे त्यांना टिकवतील. घरी काही झालं तर?"

"घरीही तेच होणार आहे."

"मला बाबांना भेटायचंय, आई. एवढं तरी कर."

त्याचं चुकत नव्हतं. मशीन लावली असती तर कदाचित तो येईपर्यंत श्वास चालला असता. मी खोलीत गेले आणि आजोबांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, मुलाची आणि डॉक्टरांची.

"पोराले सांग, रागावू नको म्हणा," ते म्हणाले. "मले घरी ने वं."

अँब्युलन्सच्या काचा पांढऱ्या, बाहेरचं काही दिसेना. ते विचारत, मी पुढच्या फटीतून पाहून सांगत होते. मूर्तिजापूर गेलं. "सोयाबीन काढून राहिले काय?" हो, काढताहेत. बडनेरा आल्यावर त्यांनी विचारायचं थांबवलं, पण माझा हात सोडला नाही.

घरी मागच्या दाराजवळ, जिथे ते पेपर वाचत बसत, तिथे पलंग टाकला. त्यांनी लिंबाच्या झाडाकडे पाहिलं, चमचाभर ताक घेतलं आणि झोपले. त्या संध्याकाळी मीटिंग झाली नाही. मी फोन त्यांच्या कानाशी धरला. तुमचा बाबा पलीकडून बोलत राहिला, आणि आजोबांनी दोनदा "हो" म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. बाबा तेव्हा विमानात होता.

तेरावं झाल्यावर निघताना त्याने बॅग दारातच खाली ठेवली. "दोन दिवस थांबली असतीस तर," एवढंच म्हणाला.

मी प्रवासासाठी बांधलेल्या दशम्यांचा डबा त्याच्या हातात दिला. त्याने तो घेतला, आणि माझ्याकडे न बघता गाडीत बसला.

आता तो फोन करतो तेव्हा माझ्या गोळ्यांचं विचारतो. आजोबांचं नाव निघत नाही. तुमच्यापैकी कोणी कधी विचारलंत, तर मी सांगेन.