कुंडलिकनं खोड सांगितली

बेल्ह्याच्या बैलबाजारात कुंडलिकइतका भरवशाचा दलाल नव्हता. रुमालाखाली बोटं दाबून ठरलेला भाव त्यानं कधी तिसऱ्याच्या कानी जाऊ दिला नाही. दुसरा नेम म्हणजे जनावराची खोड घेणाऱ्याला आधी सांगायची. मारका असेल तर मारका. त्यापायी सौदे मोडले, पण मागून शिव्या कुणी घातल्या नाहीत.

हाच नेम त्यानं पोटच्या लेकीला लावला, आणि तिथं शहाणा माणूस फसला.

तेजस्विनीला लहानपणापासून फिट यायची. गोळ्या चालू होत्या. गेल्या तीन वर्षांत एकदाही आली नव्हती. नारायणगावला औषधांच्या दुकानात ती कामाला होती. पारगावचं स्थळ आलं तेव्हा म्हणाली, "आण्णा, पोराला मीच सांगीन, समोर बसून. तुमी मधी पडू नका." कुंडलिक 'बरं' म्हणाला खरा, पण त्याला राहवेना. तिच्या दवाखान्याच्या कागदाचा फोटो काढून त्यानं स्थळ आणणाऱ्या चांगदेवला पाठवला. वर सांगितलं, फक्त पोराच्या बापाला दाखव.

चांगदेवच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या बाजाराला ठाऊक. कुंडलिकला तेवढं ठाऊक नसावं, याला काय म्हणावं? संध्याकाळी तो कागद वधूवरांच्या ग्रुपवर, गोळ्यांच्या नावांसकट आणि तिच्या मोबाइल नंबरसकट. अनोळखी माणसं तिला फोन करून भगताचा पत्ता सांगू लागली.

पोरगी रडत बसली नाही. तिनं सगळ्याचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, ग्रुप चालवणाऱ्याला तो फोटो पुसून टाकायला लावला आणि बापाला घेऊन पोलीस ठाणं गाठलं. हवालदारानं विचारलं, "कागद भाईर गेला कुठनं?"

"माझ्याकडनं, सायेब," कुंडलिक मान खाली घालून म्हणाला. "तिला न इचारता म्या पाठवला."

तक्रारीत तेही लिहून घेतलं. तेजस्विनीनं बापाकडं पाहिलंही नाही.

चांगदेवला बोलावलं, झापलं. त्यानं हात जोडले. पण बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत. किती फोनांत तो कागद राहिला कुणास ठाऊक. पारगावहून निरोपच आला नाही.

"तो हो म्हनला असता का नाय, देव जाणे," ती एकदा म्हणाली. "पण माझ्या तोंडून ऐकायला पायजे व्हतं त्यानं."

लेक म्हणजे काही आपल्या दावणीचं जनावर नव्हे, हे कुंडलिकला आता कळत होतं, आणि कळून उपयोग नव्हता.

पुढच्या महिन्यात दवाखान्यात तिची तपासणी होती. अकरा वर्षं तो तिच्याबरोबर डॉक्टरांच्या खोलीत जात आला होता. फिट किती वेळ टिकली, गोळी कधी चुकली, सगळं तोच सांगायचा. नाव पुकारलं तसा तो सवयीनं उठला.

"आण्णा, तुमी बसा हितंच," तेजस्विनी म्हणाली. आवाज चढवला नाही. आत गेली आणि दार लावून घेतलं.