अकरा खड्यांची राखण

समजा, दिवस उगवायच्या आत कुणी अकरा पोरं आणून तुमच्यापुढे उभी केली आणि सांगितलं, दिवस मावळेपर्यंत यांना सांभाळा. थोरली नऊ वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. जागा म्हणजे गावाबाहेरची चिंच आणि तिची सावली. ती सावलीही दिवसभर एका जागी थांबत नाही. पन्नास पावलांवर विहीर, तिला कठडा नाही. पलीकडे निवडुंगाचं कुंपण. महिना चैत्राचा. तुम्ही कुठे बसाल? तोंड कुणीकडे कराल?

मष्णूला हा प्रश्न पडला नाही. त्याला उत्तर येत होतं, असं त्याला वाटत होतं. साठी उलटलेला हा माणूस जन्मभर राखणदार होता. निपाणीपासून दीड कोसावरच्या या गावात ज्वारी निसवली की माळा उभारायचा, वर बसून गोफण फिरवायची, हाळी द्यायची आणि कणसं खळ्यावर जाईपर्यंत खाली उतरायचं नाही. सुगी संपली की चार महिने त्याच्या हाताला काम नसे. उन्हाळ्यात राखायला रानात असतं काय?

पण गावातल्या बायकांचं काम त्याच चार महिन्यांत असे. पाडवा झाला की निपाणीच्या तंबाखूच्या वखारी भरत. तंबाखू कुटायला, चाळायला बायका पहाटे अंधारात निघत आणि दिवे लागताना परत येत. शेतात कामाला जाताना तान्हं पोर बरोबर नेता येतं, बाभळीला झोळी बांधता येते. वखारीत तसं चालत नसे. आतल्या धुरळ्यात मोठ्या माणसाला शिंकांनी दम लागायचा. म्हणून घरातली थोरली पोरगी मागं राहायची आणि धाकट्याला कडेवर घेऊन फिरायची.

मष्णूच्या घरात ती पोरगी म्हणजे मालू, त्याची नात. तिचा बाप भरमा बेळगावच्या पलटणीत भरती होऊन समुद्रापार गेला होता. सन त्रेचाळीसची ही गोष्ट. आई शालूबाई वखारीत आणि दीड वर्षाचा रवळू मालूच्या कडेवर. आदल्या वर्षी उन्हाळ्याची सुट्टी सहा आठवड्यांनी संपली, पण वखार चालू राहिली बेंदरापर्यंत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी येणाऱ्या बैलांच्या सणापर्यंत. पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे, असं शालूबाई म्हणाली. पंधरा दिवसांनी पेरणी आली, मग भांगलण, आणि मालूनं पाटी हातात घेतली तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. दुसरीतली पोरगी दुसरीतच राहिली. जोडाक्षरं शिकवून झाली होती, ती तिची राहून गेली.

यंदा तसं होऊ द्यायचं नाही, हे मष्णूनं मनाशी ठरवलं होतं. सुट्टी लागायच्या दिवशी गल्लीतल्या बायका हौदावर जमल्या होत्या, तिथं जाऊन तो म्हणाला की पोरं मी राखतो, सगळ्यांचीच. सहा आठवडे बघा, पटलं तर बेंदरापर्यंत तसंच चालू ठेवा.

बायका हसल्या. गुणाबाईची जीभ गल्लीत सगळ्यांत तिखट. ती म्हणाली, "आण्णा, पाखरं उडवून लावायची असत्यात. पोरं उडवून लावलासा तर सांजंला आमी घरला काय न्यायचं?"

पण दुसरा इलाज कुणाकडे होता? सात घरांतली अकरा पोरं चिंचेखाली आली. मालूही त्यांत होती, रवळूला घेऊन. शाळेत नाव असलेली त्यांत ती एकटीच.

त्याच आठवड्यात भरमाचं पत्र आलं. पत्र वाचायचं म्हणजे नेमगोंडा मास्तरांकडे जायचं, पण मास्तर सुट्टीत चिकोडीला आपल्या घरी गेले होते. म्हणून मालूनं वाचायला घेतलं. बोट ठेवत ठेवत ती बरीच पुढे गेली. मी बरा आहे. मालू, हे तू वाच. रवळू चालतो का. मी साहेबांकडे सु... आणि तिथं ती अडली.

"सु, मग एकावर एक बसल्यालं कायतरी हाय," ती म्हणाली. "ते मागितलंय बाबानं."

"सुपारी असंल," मष्णू म्हणाला.

शालूबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "सुपारी मागाया सायेब काय वाणी हाय व्हय?"

मालू हसली नाही. त्या अक्षरावरून तिनं पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. मष्णूनं पत्र घडी करून आपल्या पटक्यात ठेवलं; भरमानं ते मालूलाच वाचायला सांगितलं होतं.

चिंचेखाली मष्णूनं पहिलं काम केलं ते माळा उभारायचं. चार मेढी, वर फळ्या, खाली उन्हासाठी एक जुनं घोंगडं लोंबतं सोडलेलं. वर बसलं की विहीर दिसे, पाणंद दिसे, कुंपण दिसे. कुत्रं आलं की गोफण सुटे. भटका बैल पाणंदीतून वळला की मष्णूची हाळी अशी जाई की बैल बिचारा तोंड फिरवून निघून जाई. नऊ दिवस नीट गेले.

दहाव्या दिवशी दुपारी मालूनं खालून विचारलं, "आज्जा, शामू कुठं हाय?"

शामू म्हणजे गुणाबाईचा चार वर्षांचा मुलगा. मष्णूनं मोजली तर दहाच पोरं भरली. तो माळ्यावरून उतरला कसा हे त्याला पुढेही आठवत नसे. तो धावत विहिरीवर गेला. त्याची हाक ऐकून शेजारच्या रानातला शेतकरी आण्णाप्पा आला आणि त्यानं विहिरीत गळ सोडला. एकदा, दोनदा, तीनदा. गळाला नुसतं शेवाळ आलं. मष्णू काठावर बसून पाण्याकडे बघत होता.

शामू मालूला सापडला. माळ्याच्या खाली, लोंबत्या घोंगड्याच्या आड, सगळ्यांत गार जागी तो झोपला होता. उशाला मष्णूची वहाण घेतली होती.

संध्याकाळी गुणाबाईला सगळं कळलं. ती भांडेल असं मष्णूला वाटलं होतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं तंबाखूचे हात राख लावून धुतले, शामूला उचललं आणि ती निघून गेली. शालूबाईही शांतपणेच म्हणाली, "मामंजी, साळा उघडली तरी मालू ऱ्हाऊ दे तुमच्यासंगं. एका माणसाचं काम न्हाय हे."

चुलीपुढं बसलेल्या मालूनंही ते ऐकलं होतं. थोड्या वेळानं ती उठली आणि भिंतीशी टेकवलेली पाटी तिनं उतरंडीच्या मागं सारून ठेवली.

पहाटे मष्णूनं माळा मोडला. मेढी उपटताना त्याच्या ध्यानात आलं की जन्मभर तो बाहेर तोंड करून बसत आला आहे. पीक जागचं हलत नाही. त्याला खायला जे येतं ते बाहेरून येतं, म्हणून नजर बाहेर ठेवायची. पोरं मात्र स्वतःच्या पायांनी बाहेर निघतात. त्यांच्यासाठी जमिनीवर बसावं लागतं, पाठ विहिरीकडे आणि तोंड पोरांकडे करून. आणि मधूनमधून मोजावं लागतं.

मोजायची युक्ती त्याच्या गोफणीच्या पिशवीत होती. वेदगंगेच्या पात्रातले गोल खडे तो दरवर्षी निवडून आणत असे. त्यानं ते पोरांपुढे ओतले आणि एकेक उचलायला सांगितलं. शामूनं तांबडा घेतला, मालूनं पांढरी रेघ असलेला. रवळूनं हातात आलेला खडा सरळ तोंडात घातला, म्हणून त्याचा खडा चिंधीत बांधून ठेवावा लागला. सकाळी आल्यावर प्रत्येकानं आपला खडा पिशवीत टाकायचा. दुपारी सावली चिंचेच्या बुंध्याशी आली की रांगेत उभं राहून आपापला खडा ओळखून दाखवायचा. संध्याकाळी आई आली की खडा काढून घ्यायचा आणि मगच घरी जायचं. पिशवी रिकामी झाली म्हणजे राखण झाली. पोरांना तो खेळ वाटला. खडा चुकीचा उचलला तर बाकीची दहा जणं ओरडून सांगत.

वैशाखात एके दिवशी वखार दुपारीच सुटली. मष्णू कसा राखतो ते बघायला गुणाबाई पाणंदीनं न येता कुंपणाच्या मागून आली, कडेला खेळणाऱ्या शामूला तिनं हळूच उचललं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवून निवडुंगाआड बसली. तिचा दम खाली बसतो न बसतो तोच समोर मष्णू उभा. तळहातावर तांबडा खडा.

"गुणा, ह्यो खडा कुनाचा?"

गुणाबाई आधी दचकली, मग हसता हसता तिथंच बसून राहिली. त्या संध्याकाळी तिनं ही गोष्ट गल्लीत सहा घरी सांगितली, प्रत्येक घरी थोडी वाढवून. शेवटच्या घरी पोचेपर्यंत मष्णूला पाठीमागंही डोळे फुटले होते.

शालूबाईनंही ते ऐकलं. सुट्टीचे दिवस सरत आले. सोमवारी शाळा उघडायची होती, आणि वखार तर जोरात चालू होती. रविवारी संध्याकाळी शालूबाई परत आली, पाणी प्याली आणि उतरंडीमागं हात घालून तिनं पाटी बाहेर काढली. पाटीवर धूळ बसली होती. तिनं ती हातानं पुसली, तर हाताच्या तंबाखूचा तपकिरी पट्टा पाटीवर उमटला. मग पदराचं टोक ओलं करून तिनं ती पुन्हा पुसली आणि मालूच्या मांडीवर ठेवली.

सोमवारी सकाळी मालू रवळूला घेऊन चिंचेखाली आली. रवळूचा चिंधीतला खडा आणि सवयीनं आपलाही तिनं पिशवीत टाकला. मग ती म्हणाली, "आज्जा, माझा खडा द्या."

"आत्ताच तर आलीयास."

"मी साळंला चाललोय न्हवं?"

मष्णूनं पिशवीत हात घालून पांढऱ्या रेघेचा खडा काढून दिला. मालूनं तो पोलक्याच्या खिशात टाकला आणि ती पळाली. त्या दिवशी दुपारपर्यंत मष्णूनं पोरं चार वेळा मोजली. दर वेळी दहाच भरली, आणि दर वेळी त्याची मान आधी विहिरीकडे वळली.

बेंदराच्या दोन दिवस आधी शाळा सुटल्यावर मालू धावत आली. मास्तरांनी फळ्यावर एकावर एक ट बसवून दाखवला होता. तिनं आज्ज्याच्या पटक्यातलं पत्र मागून घेतलं, घामानं मऊ झालेल्या घड्या उलगडल्या आणि अडलेल्या जागी बोट ठेवलं.

"सुट्टी," ती म्हणाली. "सुपारी न्हाय आज्जा. बाबानं सायबाकडं सुट्टी मागितलीया."

घरात पलटणीची गोष्ट निघाली की सगळे रजा म्हणत. सुट्टी पोरांना असते. भरमानं तो शब्द मालूसाठी घातला होता, तिला कळावा म्हणून. दोन महिने तो मष्णूच्या डोक्यावर बांधलेला होता.

दुसऱ्या दिवशी नेमगोंडा मास्तर स्वतःच चिंचेखाली आले. जिल्ह्याच्या शाळा बोर्डाकडून कागद आला होता: उन्हाळ्याची सुट्टी किती दिवसांची असावी, गावाचं मत कळवा. मास्तरांनी बऱ्याच जणांना विचारलं होतं. शेतकरी म्हणत होते की ती सुगीत द्या. बायका म्हणत होत्या की वखार बंद होईपर्यंत द्या. मास्तरांना स्वतःला सहा आठवडेही फार वाटत. तेवढ्यात पोरं पाढे विसरून येतात. पण सुट्टीभर पोरं ज्यानं राखली त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मष्णू बोलता बोलता पिशवीतले खडे हातानं चाचपत होता. आदल्या संध्याकाळी त्यानं आणखी एक खडा त्यात टाकला होता, भरमाच्या नावाचा, बाकीच्यांपेक्षा थोरला. आता पोरं घरी गेली तरी पिशवी रिकामी होणार नव्हती.

"किती बी द्या मास्तर," तो म्हणाला. "दिस ठावं असलं की राखता येतंय. सा आठवडं म्हटलं तर सा आठवडं, बेंदूर म्हटलं तर बेंदूर. पर एक तुमी मला सांगा. पोरांची सुट्टी बोर्ड ठरवतंय. माझ्या भरमाची कोन ठरवतंय, आन ती लागायची कवा?"