बंड्याच्या वाट्याचं दही

शेजारच्या सुमनकाकूंचा कुत्रा, बंड्या, आज कॅनडाला गेला. काकूंच्या गुडघ्यांना आता त्याच्यामागे धावणं झेपत नाही, म्हणून तिकडे राहणारा मुलगाच त्याला न्यायला आला होता. महिनाभर काकू बंड्याला प्रवासाच्या पिंजऱ्याची सवय लावत होत्या. आत त्यांचं जुनं पातळ अंथरलेलं, दार सताड उघडं. मला तो पिंजरा बघवत नसे. बंड्या मात्र त्यात ऐटीत लोळायचा.

गाडी आली तशी काकूंनी दह्याची वाटी आणली. मुलाच्या हातावर दही घातलं, मग बंड्यासमोर बसल्या आणि थबकल्या. याला तळहात कुठला?

"आई, अगं कुत्रा आहे तो!" मुलगा हसला.

"असू दे. लांब चाललाय ना?"

त्यांनी चमचाभर दही आपल्याच तळहातावर घेऊन त्याच्यापुढे धरलं. बंड्याने ते चाटूनपुसून साफ केलं.

निरोपाचं दही निघणाऱ्यासाठी असतं. मागे राहणाऱ्याच्या हातावर आपण कधी काही ठेवतच नाही, हे मला आज पहिल्यांदा जाणवलं.

गाडी निघाली. काकूंनी डावा हात हलवला. उजव्याची मूठ त्यांनी घट्ट मिटून घेतली होती.