वांगेआत्याच्या हातचं

वांगेआत्या कुणालाही लुगडं जरा बाजूला करून पोट दाखवायची. तिथं डावीकडे एक पिशवी चिकटवलेली असे. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातला कॅन्सर काढताना डॉक्टरांनी खालची वाट बंद केली होती आणि पोटावर नवी काढून दिली होती. बघणारा कावराबावरा झाला की ती म्हणायची, "पाय नं नीट. आजार गेला, हे राह्यलं. याले काय लपवाचं?"

गडचांदूरजवळच्या आमच्या वस्तीत विहारातल्या प्रत्येक जेवणाची वांग्याची भाजी तीच रांधायची, म्हणून हे नाव. दोनशे माणसांच्या भाजीतलं मीठ ती चाखत नसे. चुलीवरच्या भल्यामोठ्या गंजावर वाकून वास घेई आणि म्हणे, "अजून मूठभर टाक."

बऱ्या झालेल्या माणसाचं आयुष्य कसं असतं, याचं मला भारी कुतूहल. आत्या सगळं सांगायची. वांगं खाल्लं की पिशवी फुगते. बसमध्ये कोपऱ्यातली जागा बरी. एकदा वंदना चालू असताना सगळे शांत बसले होते आणि पिशवीनं आवाज केला. "साधू, साधू म्हणाली थे," असं सांगून ती स्वतःच हसत सुटली.

तपासणीला चंद्रपूरला मी तिच्यासोबत जायचे. एकदा तिथल्या नर्सनं एक फॉर्म भरून घेतला. थकवा किती, झोप कशी, चारचौघांत जेवता का? उत्तरं चार : अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. आत्यानं मन लावून उत्तरं दिली. शेवटी नर्सलाच विचारलं, "लोकायसोबत जेवतो का, हे इचारलं. लोकं माह्या हातचं जेवतात का, हे काऊन नाई इचारलं?" नर्स म्हणाली, "तसा प्रश्न नाही यात, मावशी."

मला तो प्रश्न तेव्हाच कळायला हवा होता. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा मजकूर लिहायचे, मी घरोघर वाटायचे. शिवाशिवीविरुद्धची वाक्यं मला पाठ होती. तरी जयंतीच्या जेवणासाठी विहाराच्या समितीनं बाहेरचा आचारी ठरवला, तेव्हा समितीची चिटणीस म्हणून ठराव मीच लिहिला : 'आत्यांची प्रकृती लक्षात घेता त्यांना विश्रांती देण्यात येत आहे.'

आत्यानं तो मला मोठ्यानं वाचायला लावला.

"तू लिवलं?"

"हो. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"चांगलं लिवलं. माणसाले बाजूले ठेवाचं, तेही किती गोड लिवलं! अवं पोट्टे, दवाखान्यातली पोरगी मले कागदभर सवाल इचारते. तू एक नाई इचारला."

मी ठराव फाडला आणि पुन्हा बैठक बोलावली. वस्तीनं पाळलेली ही शिवाशिवच आहे, ती मीही पाळली, असं सगळ्यांसमोर म्हणाले. तेव्हा समितीतल्या एका काकांनी मनातलं बोलून टाकलं. "पण पिशवी फुटली तं?"

आत्या चिडली नाही. "भाऊ, दोनशे माणसाच्या भाजीतलं मीठ मले वासावरून कळते. माह्या पिशवीचा वास तुमच्याआधी मले नाई येणार? आन् जे माह्या पिशवीत आहे, थे तुमच्याही पोटात आहे. माह्यं दिसते, एवढंच."

काका हसले. बाकीचेही हसले. आचाऱ्याला येऊ नको म्हणून कळवलं.

जयंतीला भाजी आत्यानं रांधली. दोन घरं आलीच नाहीत. पंगतीत माझ्या शेजारी आई बसली होती. तिनं वरण-भात घेतला, पण भाजी आली की पत्रावळीवर हात आडवा धरी. दोनदा धरला. मी काही बोलणार, तेवढ्यात बादली घेऊन आत्या स्वतःच समोर उभी राहिली. डाव भरलेला होता, पण तिनं तो पुढं केला नाही.

"वाढू का, बाई?"

आईनं तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग सावकाश हात बाजूला घेतला आणि म्हणाली, "वाढा. रस्सा जरा जास्त टाका."