तिसरी पाळी आणि चैतीबाईचं गाणं

ताडाळी स्टेशन मागं पडलं आणि खिडकीतून वीजकेंद्राची धुराडी दिसली. एरवी ती दिसली की जीव हरखतो, कारण माझं सगळं बालपण त्यांच्या पायथ्याशी, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये गेलं आहे. या वेळी मात्र मी नजर वळवली. मी नाशिकहून भांडायला चालले होते, आणि तेही माझ्या सगळ्यात जुन्या मैत्रिणीशी, नसरीनशी.

भांडण एका कॅसेटवरून होतं. नसरीन आणि क्वार्टरमधली दोन मुलं मिळून गाणी करायची. त्यांच्या बँडचं नाव ‘तिसरी पाळी’. नसरीनच्या अब्बांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या मागच्या खोलीत भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून ती तिघं रेकॉर्डिंग करायची आणि अब्बा कॅसेटच्या प्रती काढून द्यायचे. ना कुठली कंपनी, ना जाहिरात. तरी पहिली कॅसेट चंद्रपूरपासून गडचिरोलीपर्यंत हातोहात गेली, ती शेवटच्या गाण्यामुळं. ते गाणं गडचिरोलीच्या जंगलातल्या, एटापल्लीकडच्या चैतीबाईंनी त्याच खोलीत येऊन गोंडीत गायलं होतं. साथीला काहीच नाही, नुसता एक दमलेला, संथ आवाज. त्यात ‘उठ, उठ’ अशा अर्थाचा एक शब्द पुन्हा पुन्हा यायचा. ते ऐकताना आमच्यातल्या कित्येकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी तर एका मासिकात त्या गाण्यावर लेखही लिहिला होता.

आता दुसरी कॅसेट निघाली होती. तिच्यात तेच गाणं होतं, पण नसरीनच्या आवाजात, मराठी शब्दांत आणि मागं कीबोर्ड. चैतीबाईंचा आवाज नाही आणि कॅसेटच्या आतल्या कागदावर नावही नाही. मी रागारागानं दोन पानी पत्र लिहिलं. नसरीनचं उत्तर एका ओळीचं आलं : ‘इथी ये अन् तोंडावर बोल.’

स्टेशनवरून ऊर्जानगरला पोचले तेव्हा दुकानासमोर पाच-सहा मुलं उभी होती. त्यांच्या पायाशी फुटलेल्या कॅसेटचे तुकडे पडले होते आणि तपकिरी फीत वाऱ्यानं सायकलींच्या चाकांत अडकत होती.

“त्या गरीब बाईचं गाणं चोरलं तुमच्या पोरीनं,” एक जण अब्बांना म्हणत होता. “आमाले जुनीच पाहिजे. हे काय लगनातला बाजा लावला मागं!”

अब्बा काउंटरमागं मान खाली घालून एका ट्रान्झिस्टरचा मागचा भाग उघडत होते. “पसंद नाई आली तर परत आना, बेटा,” ते शांतपणे म्हणाले. “फोडता काऊन?”

मला पाहून मुलांनी वाट दिली. त्यातल्या एकानं मला ओळखलं. “ताई, तुमीच लिवलं होतं ना त्या गाण्याबद्दल? तुमी तरी समजावा तिले.” खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरं वाटलं. न्याय आपल्या बाजूनं आहे असं वाटलं.

नसरीन मागच्या खोलीत बसली होती. मी बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात तिनं पहिल्या कॅसेटचा आतला कागद माझ्यापुढं धरला. मी तो पाहिला नव्हता, तो नंतरच्या प्रतींसाठी छापलेला होता. त्यावर माझ्या लेखातल्या चार ओळी होत्या : ‘जंगलात गेलेली आणि परत न आलेली मुलं. त्यांच्या आईनं त्यांना मारलेली ही हाक आहे.’

“आमाले लय अभिमान वाटला, म्हणून छापलं,” नसरीन म्हणाली. “मंग हा कागद तिकडं पोचला. चैतीबाईले ठाण्यात बोलावलं, दोनदा. कोणत्या पोरांसाठी रडून राह्यली, नावं सांग म्हणे. मंग आतल्या लोकांनी बी बोलावलं. त्यायनं बी तेच विचारलं. तुले माहीत आहे ना, तिकडं एक चूक उत्तर गेलं तर काय होते?”

आतले लोक म्हणजे कोण, हे तिकडं कुणी फोडून सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. मी त्या चार ओळी पुन्हा वाचल्या.

“मला पत्रात कळवायचं होतंस.”

“पत्रात कसं लिवू? कोण कोण वाचते ते का माहीत?” तिचा आवाज चढला. “म्हणून मी तिचा आवाज काढला, नाव काढलं. लोकं मले चोर म्हणून राह्यले तरी एक शब्द बोलली नाई. अन् तू दोन पानं लिवतं!”

त्यापुढची गोष्ट तिनं खाली बघत सांगितली. एटापल्लीच्या एका शिक्षिकेकडून चैतीबाईंचा निरोप आला होता : नवी कॅसेट ऐकली, इकडं या. बस, एवढाच. त्या रागावल्या आहेत की पुन्हा कुणी त्यांना बोलावलंय, काही कळत नव्हतं. निरोप येऊन पंधरा दिवस झाले होते आणि नसरीनची जायची हिंमत होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो. अब्बांनी एक छोटा टेपरेकॉर्डर आणि नवे सेल पिशवीत घातले. चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि रोट्यांचा डबा नसरीनच्या अम्मीनं दिला. दोघांपैकी कुणीही ‘जाऊ नका’ म्हणालं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं मला मूल गाव येईपर्यंत वाटत होतं.

डिसेंबर होता. धान कापून झालं होतं आणि बांधाबांधावर पुंजणे (कापलेल्या धानाच्या रचलेल्या गंज्या) उभे होते. वैनगंगेच्या पुलावरून एस.टी. गेली तेव्हा खाली पाणी कमी आणि वाळू जास्त दिसत होती. गडचिरोलीला गाडी बदलली. स्टँडजवळच्या हॉटेलात भात आणि पोपटाची (वालासारख्या शेंगांच्या दाण्यांची) उसळ मिळाली. उसळ झणझणीत आणि चांगली होती. दोघींनी अर्धीच खाल्ली.

आलापल्लीनंतर दोन्ही बाजूंना साग सुरू झाले. गाडीतली माणसं उतरत गेली आणि बोलणं कमी होत गेलं. एटापल्लीच्या अलीकडं नाक्यावर गाडी थांबली. सगळ्यांना खाली उतरवून सामान तपासलं. आमच्या पिशवीत टेपरेकॉर्डर निघाला. तरुण जवानानं तो उलटापालटा करून पाहिला, मग कॅसेट हातात घेतली.

“तिसरी पाळी? ते रडकं गाणं याच्यातच हाय काय?”

गाडीतले सगळे आमच्याकडं पाहत होते.

“लावा,” तो म्हणाला.

नसरीननं बटण दाबलं. जवान रस्त्यावर उभा राहून एक कडवं ऐकत राहिला. मग मान हलवली. “हे नाई. ते बाईचं होतं. आमच्या कॅम्पात होती कॅसेट.” त्यानं आमची नावं, पत्ता, कुठं जाणार ते वहीत लिहून घेतलं. ‘शिक्षिकेकडं पाहुण्या’ असं मी सांगितलं. ते खरं होतं, पण अर्धंच खरं होतं.

शिक्षिकेच्या खोलीवर मुक्काम करून सकाळी आम्ही तिच्याबरोबर चालत निघालो. चैतीबाईंच्या गावाचं नाव मी इथं देत नाही. का, ते वाचकांच्या लक्षात आलंच असेल. दीड तासाची वाट होती. वाटेत एक ओढा आणि मग मोहाची मोठी झाडं. शिक्षिका गावाच्या वेशीशी थांबली. “तुमचं बोलणं तुम्हीच करा,” म्हणाली.

चैतीबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. वय चाळिशीचं, काटक बांधा. आम्हाला पाहून त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. “जोहार,” म्हणाल्या. “बसा. लेकरं जेवून राह्यले.” वीस-बावीस मुलांचं खाणं झालं, ताटल्या धुऊन झाल्या, झाडलोट झाली. तासभर आम्ही पडवीत बसून होतो. समोरच्या झाडाखाली दोन तरुण सायकलींना टेकून उभे होते. ते गावातलेच होते की बाहेरचे, कोण जाणे. आमच्याकडं पाहायचे आणि मान वळवायचे. नसरीन माझं मनगट धरून बसली होती.

अखेर चैतीबाई आल्या. त्यांच्यामागं सात-आठ बायका. त्यांनी आम्हाला वाटीत जावा (तांदळाच्या कण्यांची पातळ पेज) दिला आणि म्हणाल्या, “लाव गाणं.”

गाणं वाजलं. नाशिकला ऐकताना एवढा न जाणवलेला कीबोर्ड तिथं इतका मोठा वाटला की मला लाज वाटली. बायका एकटक टेपरेकॉर्डरकडं पाहत होत्या. गाणं संपलं. चैतीबाईंनी स्वतः बटण दाबून टेप बंद केला.

“तू रडून काऊन राह्यली याच्यात?” त्यांनी नसरीनला विचारलं.

“बाई, ते गाणंच तसं आहे ना.”

“कसं?”

नसरीननं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, “आई मेलेल्या मुलाला उठ म्हणते.”

चैतीबाईंनी बायकांना गोंडीत काहीतरी सांगितलं. एक म्हातारी तोंडाला पदर लावून हसायला लागली. पण चैतीबाई हसल्या नाहीत.

“लगनाचं गाणं हाय ते,” त्या सावकाश म्हणाल्या. “आमच्यात नवरीले नवरदेवाच्या गावाले आणतेत. नवरी आली, तिचे सारे लोक आले, अन् नवरदेव झोपला. पिऊन नाई, दमून. बाया त्याची मजा घेतेत. उठ रे, उठ, नवरी वापस जाईन! असं हाय ते.”

मी विचारलं, “पण मग तुम्ही इतक्या दुःखानं का गायलात?”

“दुःखानं कुठी? पन्नास जणी हात धरून, नाचून म्हणतो आम्ही ते. तुमच्या त्या खोलीत मी एकटीच. भिंतीले अंड्याचे ट्रे. ‘बाई, हळू म्हणा, हळू म्हणा.’ एकटीनं म्हटलं तर कोणतं बी गाणं रडल्यावानीच वाटन.”

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. “बाई,” मी म्हणाले, “त्या कागदावरचं मी लिहिलं होतं.”

झाडाखालच्या तरुणांपैकी एक सरळ उभा राहिला. चैतीबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

“तुले कोण सांगितलं होतं तसं?”

“कोणीच नाही.”

“दोन खेपा मी एटापल्लीले चालत गेली. त्या दिवशी लेकरं उपाशी राह्यले. तिसऱ्या खेपेले जंगलात नेलं. मी साऱ्यायले हेच सांगितलं, नवरदेव झोपला हाय. कोणाले खरं वाटे ना. कागदावर तर दुसरंच लिवलं म्हणे.” मग त्या नसरीनकडं वळल्या. “अन् तू माझा आवाज काढून टाकला.”

“तुमच्यावर पुन्हा काही येऊ नये म्हणून, बाई. अल्लाची शपथ.”

“ते समजलं मले. पण माझ्यावर आलं ते मी पाहिलं ना? विचाराले काय झालं होतं तुले?”

नसरीन रडायला लागली. म्हाताऱ्या बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि गोंडीत काहीतरी पुटपुटली. चैतीबाई पहिल्यांदाच जराशा हसल्या. “म्हणते, आता ही खरंच रडून राह्यली, गाण्यात नको रडू म्हणा तिले.”

नसरीननं डोळे पुसून विचारलं, “मग आता काय करू? गाणं काढून टाकू?”

“गाणं माझं एकटीचं थोडीच हाय? गा. पण जसं हाय तसं गा.” आणि मला म्हणाल्या, “तू बी. जसं हाय तसं लिव. गावाचं नाव नको.”

मग सगळ्या उठल्या. एकमेकींच्या कमरेत हात घालून त्यांनी ओळ धरली आणि ते गाणं सुरू झालं. इतकी वर्षं ऐकलेलं गाणं मला ओळखूच आलं नाही. पावलं ठेक्यात पडत होती, मधूनच कुणी किंचाळून हसत होतं, झोपलेल्या नवरदेवाची नक्कल एक पोरगी डोळे मिटून करत होती. नसरीनचा हात टेपरेकॉर्डरकडं गेला, तेव्हा चैतीबाईंनी नाचतानाच मान हलवून नाही म्हटलं. नसरीननं हात मागं घेतला. मान वर करून पाहिलं तर झाडाखालचे तरुण कधीच निघून गेले होते.

परतीच्या वाटेवर नाक्यावर दुसराच जवान होता. त्यानं पिशवी उघडूनही पाहिली नाही.

ऊर्जानगरला दुकानासमोर नसरीननं जमलेल्यांना सगळं सांगितलं. चूक कुणाची होती, तेही मी माझ्या तोंडानं सांगितलं. काही मुलं ओशाळली. काहींना पटलं नाही. “लगनाचं? मग मजा गेली राव,” एक जण म्हणाला आणि निघून गेला. ज्या गाण्यावर आमचा एवढा जीव होता, ते आनंदाचं आहे हे ऐकून कुणालाच आनंद झाला नाही, हे मला तिथं दिसलं.

शेजारच्या क्वार्टरमधल्या एक बाई दुकानाच्या पायरीवर बसून हे ऐकत होत्या. त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला होता, हे मला नसरीननं मागाहून सांगितलं. सगळे पांगल्यावर त्या माझ्याजवळ आल्या.

“मी रोज लावतो ते गाणं,” त्या म्हणाल्या. “लगनाचं असलं तर असू दे. पण एक सांग पोरी, तो नवरदेव शेवटी उठते का?”

मी नसरीनकडं पाहिलं. तिनं माझ्याकडं. आम्ही दोघींनी ते विचारलंच नव्हतं.

‘उठतो हो,’ हे शब्द अगदी ओठांवर आले होते. त्या बाईंसाठी ते बोलायला मला फार आवडलं असतं. पण मी म्हणाले, “माहीत नाही, बाई. विचारून सांगते.”

नाशिकला परत येऊन मला आता महिना झाला आहे. नसरीन उन्हाळ्यात, तिकडच्या लग्नांच्या दिवसांत पुन्हा जाणार आहे, आणि मीही रजा टाकली आहे. तोवर त्या बाईंना उत्तरासाठी थांबावं लागेल. मलाही थांबावं लागेल. माझ्यासारख्या माणसाला ते अवघड जातं. एखादं गाणं आवडलं की त्यातलं सगळं आपल्याला कळलंच आहे, असं मी आजवर धरून चालत आले. त्या धरून चालण्यापायी एक बाई तीनदा उत्तरं द्यायला गेली. तिथं काय काय झालं, ते तिनं आम्हाला सांगितलं नाही.