इन्ग्रिडबाईंचं पत्र

मी स्वीडनमध्ये राहत होते. एका सकाळी शेजारच्या इन्ग्रिडबाई टपालपेटीपाशी उभ्या दिसल्या. हातातलं पाकीट फटीपर्यंत न्यायच्या आणि मागे घ्यायच्या.

बाई निवृत्त नर्स. आपला देश दोन शतकं कुठल्याच युद्धात उतरला नाही, हे त्या अभिमानाने सांगत. युक्रेनला शस्त्रं पाठवायचं सरकारनं ठरवलं, तेव्हा ते त्यांना मुळीच पटलं नव्हतं. पुढे तिथून जीव वाचवून आलेली ओक्साना त्यांच्याकडे राहू लागली. वेढ्यात अडकलेल्या तिच्या नवऱ्याचा फोन आठ दिवस लागत नव्हता. आदल्या संध्याकाळी ती म्हणाली होती, "ब्लँकेटं पुष्कळ आलीत तिकडे. रणगाडे थांबवायला काही नाहीये."

"म्हणून खासदाराला लिहिलंय," इन्ग्रिडबाई मला म्हणाल्या. "आणखी शस्त्रं पाठवा म्हणून. मी लिहिलंय हे."

तटस्थ राहणं म्हणजे हात स्वच्छ ठेवणं, असं मीही मानत आले होते. पण ओक्सानाच्या ताटात तसंच राहिलेलं अन्न पाहिलं, की ते स्वच्छ हात कुठे लपवावेत कळत नसे.

त्यांनी पाकीट आत सोडलं आणि पेटीला धरून उभ्या राहिल्या.

"त्या शस्त्रांनी पलीकडच्या कुणाची तरी मुलं मरतील ना?"

"मरतील," मी म्हटलं.

"पत्र परत मिळतं का गं?"

"पोस्टमन येईपर्यंत थांबू. त्याच्याकडे मागून बघू."

त्यांनी पेटीवरचा हात काढला. मग म्हणाल्या, "नको. चल, ओक्साना घरी एकटी आहे."