बाहेरची कमान

लग्न होऊन मी मैलूरला आले तेव्हा घरात सासरे, मालक आणि टांग्याची घोडी होती. सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. सुनेनं सासऱ्याशी थेट बोलायचं नाही अशी आमच्याकडची रीत, आणि मालक बाहेर असले की मध्ये निरोप्या कुणी नाही. त्यामुळे मामांना, म्हणजे सासऱ्यांना, काही सांगायचं झालं की मी ते घोडीला सांगत असे. "भाकर झाली बरं का," असं मी तिच्या मानेवर थाप मारून म्हटलं की मामा हात धुवायला उठायचे. मामांनाही माझ्याशी बोलायचं झालं तर तेही घोडीशीच बोलायचे. त्या जनावराला घरातलं सगळं ठाऊक होतं.

तेव्हा हैदराबादच्या रस्त्याला मोटारी सुरू झाल्या होत्या आणि टांग्याला गिऱ्हाईक कमी झालं होतं. मालकांच्या डोक्यात सोलापूरच्या गिरणीनं घर केलं. घोडी विकायची, टांगा विकायचा आणि सोलापूर गाठायचं. मामा आधी ऐकूनच घेईनात. शेवटी म्हणाले, "यंदाच्या जत्रंला पाणी आपलं चढलं तर टांगा ऱ्हाईल. न्हाई चढलं तर घोडी बाजारात ने. मी तोंड उघडणार न्हाई."

मला सोलापूरला जायचं नव्हतं. चाळीतल्या खोलीची भीती होती असं नाही; मला घोडी विकायची नव्हती, एवढंच. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

पाणी चढवणं म्हणजे असं. जत्रेच्या सकाळी गावच्या टांग्यांनी शर्यतीनं तळ्याचं पाणी टेकडीवरच्या देवाला न्यायचं, आणि तेही टेकडीला वळसा घालून. देवाची फेरी, म्हणून टेकडी सदा उजव्या हाताला; वळणं सगळी एकाच बाजूची. मागच्या बैठकीवर घरची सुवासीण मागं तोंड करून, घागर मांडीवर धरून बसते. घागरीच्या गळ्याखाली कुंकवाची रेघ ओढतात. पाणी रेघेच्या खाली गेलं की टांगा पहिला आला तरी बाद. आदल्या वर्षी आम्ही असेच बाद झालो होतो. वळणावर टांगा बाहेरच्या अंगाला कलला आणि माझं अर्धं लुगडं भिजलं.

त्यावरून घरात खल सुरू झाला. टांग्याच्या प्रत्येक चाकावर एक कमान, पोलादी पाती एकावर एक बसवलेली. पाती कमी केली तर सरळ रस्त्याला पाणी निवांत, पण वळणावर टांगा झोपतो. वाढवली तर वळणावर ताठ राहतो, पण प्रत्येक खड्डा बैठकीपर्यंत पोचतो. मालक म्हणाले, दोन्हीकडं पाती वाढवू. मामा म्हणाले, "दोन्हीकडं कामून? कलतोय तो बाहेरच्या अंगाला. देवाकडची कमान हाय तशी ऱ्हाऊ दे. बाहेरच्या कमानीत एक पातं घालू."

लोहाराकडून पातं आलं. आता करून बघायला बैठकीवर कुणीतरी हवं. सासऱ्यासमोर सून टांग्यावर चढून बसणार कशी? जत्रेचा दिवस वेगळा, तेव्हा मी देवाचं पाणी घेऊन बसते. एरवी ते शोभत नाही. म्हणून माझ्या जागी ज्वारीचं पोतं ठेवलं, त्यावर काठोकाठ भरलेली घागर बांधली आणि बापलेक टेकडीला फेरी मारून आले. घागरीतलं थेंबभर पाणी सांडलं नव्हतं. दोघं इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांच्यात सोलापूरचा विषय निघाला नाही. मीही खूश होते.

ज्वारीचं पोतं दणका गिळतं, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

जत्रेदिवशी तळ्यापासून निघालो आणि पहिल्याच चाकोरीत मला ते कळलं. लाल मुरमाचा रस्ता, बैलगाड्यांनी कोरलेला. बाहेरचं चाक खड्ड्यात गेलं की बैठक त्या बाजूनं खालून लाथ मारायची. माझ्या हाडांतून दणका घागरीत आणि घागरीतून पाणी माझ्या अंगावर. पहिलं वळण मात्र झकास गेलं, टांगा जरासुद्धा कलला नाही. मामा खुशीत ओरडून घोडीला पळवायला लागले. पुढं एकच टांगा होता. मागं धूळ होती आणि माझ्या मांडीवरचं पाणी रेघेच्या वर बोटभरच उरलं होतं.

घोडीला सांगावं तर घोडी माझ्या पाठीमागं, मामांच्याही पलीकडं.

मी म्हणाले, "मामा, बाहेरचं चाक गवतावर घ्या."

टांगा तसाच चाकोरीतून पळत राहिला. त्यांनी ऐकलंच नाही असं वाटलं. मग मी मोठ्यानं म्हणाले, "मामा, पाणी चाललंय. गवतावर घ्या."

टांगा कडेला सरकला. गवतावर चाक जड चालतं. पुढचा टांगा आणखी पुढं गेला. पण दणके थांबले. मी घागरीवर वाकून बसले आणि टेकडीपर्यंत वर पाहिलं नाही.

आम्ही दुसरे पोचलो. पुजाऱ्यानं पहिल्या टांग्याची घागर पाहिली, रेघेवर बोट ठेवलं आणि मान हलवली. मग आमची घागर उचलली आणि देवावर ओतली.

मालक पुढं वर्षभर लोकांना बाहेरच्या कमानीची हुशारी सांगत होते. टांगा राहिला, घोडी राहिली. मी मामांना हाक मारली होती, त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. मी पुन्हा घोडीशी बोलू लागले.

पुढच्या जत्रेआधी मालकांनी पुन्हा पोतं आणून बैठकीवर ठेवलं. मामा पाना घेऊन चाकापाशी बसले होते. ते उठले, पोतं खाली ओढलं आणि दाराकडं बघून म्हणाले, "पोरी, इकडं ये. वर बस."

मालक बघतच राहिले. मी पदर सावरून वर बसले. मामांनी टांगा अंगणातून दोनदा फिरवला आणि थांबवला.

"काय करायचं सांग."

"बाहेरचं पातं काढा," मी म्हणाले. "वळणावर मीच देवाकडं सरकंन. पोत्याला सरकता येत न्हाई."

मामा खाली बसले आणि पातं सोडवायला लागले.